पदवी हातात आली, आता पुढे काय? – गोपाळ गणेश आगरकर



जून आला, मिरगाचा पाऊस लागला आणि घराघरांत निकालाच्या गोष्टी सुरू झाल्या. आमच्या धारगळला सध्या कुणाच्याही घरी गेलं तर एकच विषय. मूल बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालं, आता पुढे काय? कोण म्हणतं मोपाच्या विमानतळावर अर्ज टाक, कोण म्हणतं आयुर्वेद संस्थेत काही मिळतं का बघ, कोण म्हणतं सरळ बोटीवर जा. आणि सरकारी नोकरीची वाट तर सगळेच बघतात.

आमच्या घरातही हेच चाललंय. आमची बाय यंदा बी.एस्सी. झाली. तिला बी.एड. करून शाळेत शिकवायचंय. खरं सांगायचं तर पहिलं तोंड आम्हीच वाकडं केलं. एवढं शिकून शेवटी मास्तरीणच का, असं बोलून गेलो. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

अशा वेळी आम्हाला आगरकरांची आठवण झाली. १७ जूनला त्यांची पुण्यतिथी असते. कॉलेजात असताना त्यांच्याबद्दल वाचलं होतं, पण तेव्हा आम्ही विद्यार्थिनी होतो. आता आई म्हणून वाचलं, तर ते वेगळंच दिसलं.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी कराडला मामांकडे राहावं लागलं. पुढे शिकायची सोय नव्हती म्हणून त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकता येईल या आशेनं कराडहून सह्याद्री ओलांडून रत्नागिरीला ते पायी गेले. तिथं जमलं नाही, म्हणून परत आले. शेवटी अकोल्याला नातेवाईकांकडे राहून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. आज आपल्या मुलांना विर्नोड्याला कॉलेज आहे, आणि तरी पावसात बस चुकली तर आपण हळहळतो!

मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. शिष्यवृत्ती आणि बक्षिसं यांवर खर्च भागवायचा. अंगात घालायला एकच सदरा होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं सांगतात. १८७८ मध्ये ते बी.ए. झाले आणि एम.ए.चा अभ्यास सुरू केला.

त्या काळात एम.ए. झालेला माणूस म्हणजे केवढी गोष्ट! सगळ्या मुंबई इलाख्यात असे मोजकेच होते. सरकारी खात्यात मोठा हुद्दा, मोठा पगार, दारात गाडी, सगळं मिळण्यासारखं होतं. गावाकडे आईनं काय स्वप्नं पाहिली असतील ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली. टिळक तेव्हा वकिलीचा अभ्यास करत होते. दोघं तासन् तास बोलत बसायचे, की देशाला आज कशाची गरज आहे? दोघांचं एकमत झालं, शिक्षणाची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडलेलीच होती. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि एम.ए. झाल्यावर आगरकर तिथं शिक्षक म्हणून गेले.

पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, ती आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. एम.ए.च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिलं. मुलाच्या मोठमोठ्या परीक्षा होताहेत, आता त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी आशा तू करत असशील, पण मी तुला आताच सांगून ठेवतो. पोटापुरतं मिळवून त्यावर समाधान मानणार आणि बाकीचा सगळा वेळ लोकांच्या भल्यासाठी देणार, असा त्या पत्राचा भाव होता.

हे आईला आधी कळवलं, हे महत्त्वाचं. नोकरी नाकारून मग कारणं सांगत बसले नाहीत. आई वाट बघत राहील आणि मग तिचा विरस होईल, असं त्यांनी होऊ दिलं नाही.

पुढची वाट सोपी नव्हती. १८८१ मध्ये केसरी सुरू झाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीचा खटला होऊन १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, तिथं ते शिकवू लागले. पुढे टिळकांशी मतभेद झाले. केसरी सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचा सुधारक काढला. बालविवाहाविरुद्ध आणि मुलींच्या शिक्षणासाठी लिहिलं, म्हणून पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी लिहिणं थांबलं नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा मात्र सुटला नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती, तेव्हा ते गेले. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात.

देवाधर्माबद्दल त्यांची मतं आपल्यासारखी नव्हती, हे लपवायचं कारण नाही. पण पत्नी यशोदाबाई देवपूजा करत, त्याला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. आणि आणखी एक. त्यांनी निवडलेल्या वाटेची किंमत यशोदाबाईंनीही मोजली. काटकसरीचा संसार, नवऱ्याचं आजारपण आणि लोकांची बोलणी त्यांनीच सोसली. म्हणून मुलाचं ध्येय कितीही मोठं असलं, तरी घराचा हिशेब घरच्यांसमोर मांडायला हवा.

आम्ही तेच केलं. तिसऱ्या दिवशी रात्री आरतीनंतर बायला जवळ बसवलं आणि पगाराचं न विचारता, तुला शिकवायलाच का आवडतं, ते विचारलं. ती अर्धा तास बोलत होती. शेजारच्या मुलांना गणित शिकवताना काय वाटतं, ते तिनं सांगितलं. एवढं ती आमच्याशी कधी बोललीच नव्हती. मग वही काढून फी किती, घरातून किती देता येईल, दोन वर्षं कशी निघतील, ते मांडलं. नोकरी लगेच लागेल असं नाही, हेही तिला स्पष्ट सांगितलं. काळजी आहेच. पण बी.एड.चा फॉर्म भरला, आणि घरात सगळे पोटभर जेवले.

आपली सेवा केंद्रातच असते असं नाही. मुलाचं शांतपणे ऐकून घेणं हीसुद्धा सेवाच. ज्यांच्या घरी यंदा निकाल लागलाय, त्यांनी या रविवारी आरतीनंतर मुलांना जवळ बसवा. आधी त्यांचं ऐका, मग वही काढा. आणि मुलांनो, तुम्हीही आगरकरांसारखं मनात आहे ते आईला वेळेवर सांगा.

🌸 जय सद्गुरू 🌸