विचारांतील स्वराज्य

राजकीय पारतंत्र्य डोळ्यांना दिसते. विचारांचे पारतंत्र्य मात्र ज्याला जडते त्याला ते बहुधा विद्वत्ताच वाटते. परकी सत्ता असतानाच हे ओळखणारे प्रा. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे नाव तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आदराने घेतात. त्यांचा आपल्या खानदेशाशीही ऋणानुबंध होता.

१८७५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे, संस्कृत पंडितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिक्षण, नंतर सरकारी महाविद्यालयांत अध्यापन आणि १९३० मध्ये हुगळी कॉलेजातून निवृत्ती. या चरित्रात नाट्य असे नाही. निवृत्तीच्याच वर्षी त्यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा छोटा पण अतिशय कठीण ग्रंथ निघाला. तो प्रसिद्ध केला अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या या संस्थेचे संचालकपद १९३३ ते १९३५ या काळात कृष्णचंद्रांनीच सांभाळले.

आत्मा हा ज्ञानाचा विषय होऊ शकत नाही, येथे कांट थांबला. कृष्णचंद्र तेथे थांबले नाहीत. मेज जसे समोर दिसते तसा आपला देहही दिसतो; पण तो आतूनही जाणवतो. या साध्या अनुभवापासून निघून, देह आणि मन यांच्याशी असलेले तादात्म्य पायरीपायरीने सोडत जाणारी मुक्ती त्यांनी मांडली. वेदान्त येथे केवळ आधारवचनांपुरता उरत नाही. कांटच्या प्रश्नाला तो उत्तर देऊ लागतो.

हीच दृष्टी त्यांच्या ‘स्वराज इन आयडियाज’ या व्याख्यानात आहे. हुगळीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी परके विचार टाळण्याचा उपदेश केला नाही. आपली जुनी विचारसरणी तुलना न करता, झुंज न देता बाजूला सारली जाते, तेव्हा दास्य येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पोकळ स्वाभिमान त्यांना नको होता, तशीच दोन्हीकडच्या कल्पनांची गोधडीही नको होती. परका विचार आपल्या भाषेत मुरवून मगच तो स्वीकारावा अथवा नाकारावा, एवढाच त्यांचा आग्रह. व्याख्यान मात्र इंग्रजीत होते! ज्या शिक्षणाची त्यांनी चिकित्सा केली, त्याचाच हा पुरावा म्हणावा लागेल.

१९४९ मध्ये ते निवर्तले. व्याख्यान छापले गेले १९५४ मध्ये, ‘विश्वभारती क्वार्टर्ली’त. पुढे पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या इंग्रजी त्रैमासिकाने १९८४ मध्ये त्यावर विशेषांक काढला. याच विभागातून ‘परामर्श’ हे मराठी त्रैमासिकही निघत होते.