वऱ्हाड मागणारे दिवाण

भोकरहून उत्तरेकडे निघाले की पैनगंगा लागते. पलीकडचे उमरखेड वऱ्हाडात मोडते. ही नदी दोन कारभारांची सीमा ठरली ती 1853 च्या तहाने. हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. त्या वेळचे दिवाण सिराजुल्मुल्क काही दिवसांतच वारले आणि त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान 24 व्या वर्षी दिवाण झाले. हेच पहिले सालारजंग.

1857 मध्ये हैदराबाद खवळले असता त्यांनी इंग्रजांशी असलेला अहद मोडला नाही. त्यासाठी त्यांना आजही दूषणे दिली जातात, आणि ती अगदीच निराधार नाहीत. पण 1860 च्या तहात धाराशिव व रायचूर दुआब परत आले, 50 लाखांचे कर्ज माफ झाले, ते याच बळावर. वऱ्हाड तेवढा राहिला.

मग फौजेचा खर्च व्याजातून भागेल एवढी ठेवच त्यांनी देऊ केली. नकार आला. पुन्हा खलिता, पुन्हा नकार. 1876 मध्ये ते विलायतेस निघाले. पॅरिसला पडून मांडीचे हाड मोडले, तरी लंडन गाठले. ऑक्सफर्डने सन्मानाची पदवी दिली, मेजवान्या झडल्या. वऱ्हाडाबद्दल उत्तर मिळाले ते असे की, निजाम अल्पवयीन असेतो हा प्रश्न काढू नये. सालारजंगांपाशी तहाचे कागद होते. दडपण आणण्याचे साधन नव्हते.

1883 मध्ये ते पटकीने वारले. पुढच्याच वर्षी निजाम महबूब अली खान यांच्या हाती कारभार आला. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने त्यांच्याकडून वऱ्हाड वार्षिक 25 लाखांच्या कायम पट्ट्याने घेतला.