कोकणचे गांधी

मालवणच्या शेजारी कणकवली तालुका आहे. तेथे गोपुरी नावाचा आश्रम आहे. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी तो १९४८ साली स्थापन केला.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ साली कोकणात झाला. एम.ए. होऊन ते पुण्यात प्राध्यापक झाले. शहरात त्यांना मान होता, पगार होता. पण महात्मा गांधींच्या विचारांनी ते भारावून गेले. नोकरी सोडून ते साबरमती आश्रमात गेले आणि पुढे लोकसेवेसाठी कोकणातच येऊन राहिले.

१९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे मैला साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच देत. ते काम आपल्यालाही मिळावे म्हणून अप्पासाहेबांनी उपवास केला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही उपवास करून त्यांना साथ दिली. शेवटी सरकारला नमते घ्यावे लागले.

गावात राहायचे तर कोणतेही काम हलके मानता येणार नाही, असे त्यांचे मत होते. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या प्राध्यापकाने हाती झाडू घेतला. मेलेली जनावरे सोलण्याचे कामही ते शिकले. अनेकांना हे रुचले नाही. पण ते मागे हटले नाहीत. कोणालाच डोक्यावरून मैला वाहावा लागू नये म्हणून त्यांनी कमी खर्चाचा संडास तयार केला. त्यात मैल्याचे खत होई आणि ते शेताला उपयोगी पडे.

१९७१ साली अप्पासाहेब वारले. गावातले सर्वांत नकोसे काम त्यांनी आधी स्वतः केले. म्हणूनच लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणतात.