कमलाबाई सोहोनी

मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा कमला भागवत १९३३ साली प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. तेथेच संशोधन करावे, या इच्छेने कमलाबाईंनी अर्ज केला. परंतु त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला.

कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारून आपल्या हक्कासाठी ठाम उभ्या राहिल्या. अखेर रामन यांनी प्रवेश दिला. मात्र वर्षभराचे काम पाहूनच तो पक्का होईल, अशी अट घातली. मुलग्यांना अशी अट नव्हती. हा अपमान कमलाबाईंच्या मनाला झोंबला. पण त्याला उत्तर त्यांनी कामानेच दिले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा कसून अभ्यास केला. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला.

नंतर केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करताना, पेशींच्या श्वसनास आवश्यक असलेले ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ साली पीएच. डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. विवाहानंतर सोहोनी झालेल्या कमलाबाईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. पुढे त्या या संस्थेच्या संचालिका झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

अनिच्छेने किंचित उघडलेले दार त्यांनी मागून येणाऱ्या मुलींसाठी मोकळे करून ठेवले.