कॉलेजची पदवी हुकली, पण स्वतःचंच साप्ताहिक काढलं! हरिभाऊ आपटे यांची जिद्द

भोर/वेल्हे : सिंहगड, राजगड, तोरण्याच्या या मुलखात तानाजी मालुसरे यांची गोष्ट माहीत नाही असं घर सापडायचं नाही. कोंढाण्याच्या त्याच लढाईवर 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली ती हरी नारायण आपटे यांनी. लोक त्यांना हरिभाऊ म्हणत.

८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण पुढे पुण्यात. वाचनाचं वेड जबर, पण गणित काही जमेना. पदवी हाती न घेताच कॉलेज सुटलं. लिहिणं मात्र सुटलं नाही.

१८८५ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 'पुणे वैभव' या पत्रातून छापून येऊ लागली.  १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे स्वतःचं साप्ताहिकच सुरू केलं. तेव्हा वय होतं २६.

आज मालिकेचा पुढचा भाग मोबाईलवर बघायची वाट पाहावी, तशी तेव्हा वाचक 'करमणुकी'च्या पुढच्या अंकाची वाट पाहत. याच साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' आली. विधवा झालेल्या यमूची ही कहाणी तिच्याच तोंडून सांगितलेली. तिच्या मनाविरुद्ध केलेलं केशवपन वाचून अनेक घरं हादरली. शिवकाळावरची 'उषःकाल'ही इथलीच.

हे काम सोपं नव्हतं. तब्येत असो-नसो, घरात सुख असो वा दुःख, आठवडा संपला की मजकूर द्यायलाच लागायचा. सोबत आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था आणि पुणे नगरपालिकेचं कामही होतं. या ओढाताणीत त्यांच्या काही कादंबऱ्या अर्धवटच राहिल्या. तरी 'करमणूक' त्यांनी पंचवीसहून जास्त वर्षं चालवलं.

पदवी नसलेल्या या लेखकाला १९१२ मध्ये अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या लेखनावरच्या हक्काची मुदत कधीच संपली आहे. त्यामुळे हरिभाऊंच्या कादंबऱ्या आता कुणीही छापू शकतो, कुणीही मोकळेपणी वाचू शकतो.