शाळाच निघाली कुरणात

आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत सकाळी मुलांचा किलबिलाट सुरू झाला की मला हमखास ताराबाई मोडक आठवतात. अंगणवाडी म्हणजे सरकारी योजना, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण हा शब्द ज्यांच्या कामातून रुजला, त्या बाईंची ओळख आपल्यापैकी किती जणींना आहे?

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील प्रार्थना समाजाचे, सुधारकी विचारांचे. मुलींनी शिकणंच जिथे नवल होतं, त्या काळात १९१४ मध्ये ताराबाई बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार काही टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी. आजही अशा बाईकडे लोक कसे बघतात ते आपण जाणतो. तेव्हा काय झालं असेल! पण ताराबाई खचल्या नाहीत. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

चांगल्या पगाराची, मानाची नोकरी. तीही त्यांनी सोडली. १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्या रुजू झाल्या. मारझोड नाही, घोकंपट्टी नाही, मुलं हातांनी करून शिकतात, ही माँटेसरी पद्धत त्यांनी तिथे आत्मसात केली. १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. तेही छान चाललं होतं. पण हे सगळं शहरातल्या मुलांसाठी. खेड्यातल्या गरिबाच्या पोरांचं काय?

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ, लहानपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीनं शिकलेल्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बायाच वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची आणि मग गाणी-गोष्टी. हीच अंगणवाडी! महागडी साधनं कुठून आणणार? समुद्रावरचे शिंपले, खडे, बिया, पानं हीच त्यांची साधनं. मोजायचं त्यावरच आणि रंग-आकार ओळखायचे तेही त्यावरच.

साठी ओलांडल्यावर माणूस विसावा शोधतो. ताराबाई मात्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेल्या. तिथे अडचण वेगळीच. मुलं गुरं-शेळ्या घेऊन रानात जायची. त्यांनी शाळेत बसायचं तर गुरं कोण राखणार आणि घर कसं चालणार? आईबापांना दोष देणं सोपं होतं. त्याऐवजी शाळाच कुरणात गेली. गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं शिकताहेत. झाडं, पाखरं, माती, पाऊस हीच पुस्तकं. ही कुरणशाळा! ज्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरायच्या, त्यांच्यासाठी पाळणाघरही शाळेलाच जोडलं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, काम सांभाळलं. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या सुरू झाल्या, त्या पाहायला मात्र ताराबाई नव्हत्या.

आज निसर्गशिबिरासाठी आपण पैसे मोजून मुलांना लांब पाठवतो. पाठवावं, त्यात वाईट काही नाही. पण वस्तीत काम करताना मला भेटणारी शेळ्यांमागची पोर अजूनही शाळेबाहेरच दिसते. तिला रानातलं प्रत्येक झाड नावानिशी ठाऊक असतं, आणि आपण तिला अडाणी म्हणतो. ताराबाईंनी तिला कधीच अडाणी मानलं नसतं.

मैत्रिणींनो, आपल्या आसपास अशी एखादी पोर असेल, तर ती शाळेत का येत नाही, हे आधी तिच्या आईला विचारू या. तिला रागवायचं ते नंतर बघू.