रखमाबाईंचा नकार

नवऱ्याने मारले, घराबाहेर काढले, अशी तक्रार घेऊन जालन्यातली एखादी विवाहिता आज न्यायालयाची पायरी चढली, तर तिच्या पाठीशी २००५ चा कायदा उभा असतो. तिला हात लावू नकोस, तिला घरात राहू दे, असा आदेश न्यायदंडाधिकारी नवऱ्याला देऊ शकतात. संरक्षणाचा आदेश त्याने मोडला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण एक काळ असा होता, की न्यायालयाचा हुकूम बायकोवर सुटला होता आणि कैदेची तंबीही तिलाच होती. ही हकिगत मुंबईच्या रखमाबाईंची.

२२ नोव्हेंबर १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात त्याला आडकाठी नव्हती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. माहेरी राहून त्या लिहू-वाचू लागल्या आणि जाणत्या झाल्यावर, न कळत्या वयातले हे लग्न मानायला त्यांनी नकार दिला.

१८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये त्यांचा दावा फेटाळला, पण अपिलात तो निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. सारा देश या खटल्याने ढवळून निघाला. मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला.

पुढच्याच वर्षी रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. १८९५ मध्ये परतल्यावर सुरत आणि राजकोट येथे त्यांनी पुढची अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

रखमाबाईंच्या बाजूने कायदा नव्हता, पण माहेर होते. आईने त्यांना हाताला धरून सासरी पोचवले नाही. आज अंबड, भोकरदन, परतूरच्या लेकींना कायदा आहे. वकिलाची ऐपत नसेल, तर मोफत कायदेशीर मदत आहे. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी आहे. मात्र अंगावर वळ घेऊन लेक दारात उभी राहिली, की चार दिवसांनी समजूत घालून तिला परत धाडणारी घरे आजही आहेत. न्यायालयाचा आदेश तिला सासरचे दार उघडून देईल. माहेरचे दार मात्र आपणच उघडायचे असते.